रेल्वेचा भोंगा, ट्रकचा हॉर्न आणि हात ओढणारी पोरं

प्रश्न थोडक्यात असा होता: नेब्रास्कात कर्नीजवळ नवीन राहायला आलोय, घरापासून रेल्वेलाईन जवळ आहे, रात्रभर मालगाड्या एकाच ठेक्यात भोंगा वाजवत जातात, दोन लांब, एक छोटा, परत लांब, त्याचा अर्थ काय? आणि हायवेला ट्रकवाले आणि रेल्वेवाले एकमेकांना हॉर्न देताना ऐकलं, तो त्यांचा आपसातला काही कोड आहे का? आणि मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याने कारमधून हात ओढून दाखवला तर ते खरंच वाजवतील का?

मी इथे ट्रक चालवतो, बरीच वर्षं झाली, जास्त करून भाजीपाला आणि मांस नेणारा थंड ट्रेलर, त्यामुळे नेब्रास्का, कॅन्सस, टेक्सासचा वरचा भाग हे आमचं रोजचं. मूळचा निफाडकडचा, घरात ट्रकच होते, लासलगावचा कांदा भरून फाटकावर उभं राहणं लहानपणापासून माहितीये. म्हणून जमेल तसं सांगतो.

पहिली गोष्ट, तुमच्या प्रश्नात दोन वेगवेगळे भोंगे एकत्र झालेत. रात्री घरात ऐकू येतो तो कायद्याचा भोंगा, तो कोणासाठी थांबत नाही आणि कोणाच्या मूडवर चालत नाही. हायवेला ऐकलात तो मनाचा भोंगा, त्याला कोड नाही, नियम नाही, उलट नियम पाहिला तर तो वाजवूच नये असं निघेल. तरी वाजतो. हे दोन वेगळे धरले की बाकीचं सगळं नीट कळतं.

आधी कायद्याचा. दोन लांब, एक छोटा, एक लांब म्हणजे "फाटक येतंय, रूळ मोकळा ठेवा", बास. देशभर एकच नियम २००५ पासून लागू आहे, फेडरल रेलरोड अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा. इंजिन फाटकावर पोचायच्या १५ ते २० सेकंद आधी सुरू करायचं आणि इंजिन प्रत्यक्ष फाटकावर येईपर्यंत वाजवत राहायचं. शेवटचा जो लांब असतो ना, तो म्हणूनच कधी दोन सेकंदांचा असतो, कधी पाच-सहा, कारण इंजिनियरला (इथे रेल्वे चालवणाऱ्यालाच इंजिनियर म्हणतात) अंदाज चुकला असेल तर तो शेवटच्याला ताणून वेळ भरून काढतो, किंवा अख्खा ठेका परत वाजवतो. गाडी ताशी ६० मैलांच्या वर असेल तर पाव मैलाच्या आत आल्यावरच वाजवायचं. जुन्या काळी सरसकट पाव मैलावर खांब असायचा आणि तिथून सुरुवात, मग गाडी २० मैलांच्या वेगाने रांगत असेल तरी ४५ सेकंद भोंगा चालू, लोकांची झोप उडायची. आताची पद्धत त्यामानाने बरी आहे, तुम्हाला वाटत नसेल तरी. आवाजाचंही माप ठरलंय, इंजिनाच्या पुढे १०० फुटांवर किमान ९६ आणि जास्तीत जास्त ११० डेसिबल. आता गावात दर दोन ब्लॉकला फाटक असेल तर एक ठेका संपायच्या आत पुढचा सुरू होतो, म्हणून तुम्हाला वाटतं की हा माणूस हात काढतच नाहीये.

हा ठेका इंग्लंडच्या राणीच्या जहाजावरून आला, मोर्स कोडमधलं क्यू अक्षर आहे वगैरे गोष्ट इंटरनेटवर फिरते. मोर्समधला क्यू तसाच आहे हे खरं, पण बाकीच्या गोष्टीवर मी तरी विश्वास ठेवणार नाही. इथल्या रेल्वेच्या जुन्या नियमात दोन लांब दोन छोटे असंच होतं, नंतर शेवटचा छोटा बदलून लांब केला, आणि कारण मला तरी सरळ दिसतं, शेवटी लांब असला की फाटकापर्यंत ताणता येतो. आपल्याकडे रुळाशेजारी पिवळ्या पाटीवर सी/फा लिहिलेलं असतं, तिथून लोको पायलट एकच लांबलचक शिट्टी देतो, काम तेच, ठेका नाही.

लहान-मोठे अजून काही भोंगे तुम्हाला ऐकू येतील. भराभर तुटक तुटक वाजला तर रुळावर माणूस नाहीतर जनावर आहे, त्यावेळी खिडकीत जाऊन बघू नका, फार वेळा चांगलं काही दिसत नाही. एक लांब एक छोटा म्हणजे पुढे लाईनवर माणसं काम करतायत. उभी गाडी निघताना दोन लांब. आणि दोन छोटे म्हणजे "कळलं", पोच दिली. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. यातले बरेच आता रेडिओ आल्यामुळे कमी ऐकू येतात, पण फाटकाचा, रुळावरच्या माणसांचा आणि कामगारांचा भोंगा रेडिओवर भागत नाही, तो वाजवावाच लागतो.

एकाच ठेक्याचे भोंगे वेगवेगळे का वाटतात असं तुम्ही विचारलं नाहीये, पण रात्री झोप लागत नसेल तर ऐकून बघा. पूर्वी भोंग्याला दांडा असायचा, हवा किती सोडायची ते हाताने ठरायचं, मग प्रत्येकाची धाटणी वेगळी, कोणी हळू चढवायचा, कोणी शेवटाला खाली सोडायचा. वाफेच्या काळात तर शिट्टीवरून ड्रायव्हर ओळखायचे, केसी जोन्स त्याच्यासाठीच प्रसिद्ध होता, १९०० साली मिसिसिपीत वॉनजवळ अपघातात गेला तो. आता नव्या इंजिनात बटण आहे, दाबलं की पूर्ण आवाज नाहीतर काहीच नाही, आणि काहींमध्ये तर अख्खा ठेका आपोआप वाजवायची सोय असते. त्यामुळे अगदी घड्याळासारखा मोजून मापून भोंगा ऐकलात तर बहुतेक मशीन वाजवतंय, आणि शेवटचा लांब थोडा डळमळत ताणला तर समजा माणूस वाजवतोय. सूर गोड लागतो कारण बऱ्याच इंजिनांवर एकत्र पाच कर्णे असतात, प्रत्येक वेगळ्या सुराचा, मिळून तार जुळते. कॅनडातल्या रॉबर्ट स्वान्सन नावाच्या माणसाने मुद्दाम हे केलं, कारण डिझेल इंजिनं आली तेव्हा त्यांचे सुरुवातीचे एकसुरी भोंगे लोकांना ट्रकच्या हॉर्नसारखे वाटायचे आणि फाटकावर कोणी गाडी येतेय असं धरतच नव्हतं. म्हणजे ट्रकचा हॉर्न आणि रेल्वेचा भोंगा वेगळा ऐकू यावा म्हणून एवढी मेहनत झालीये, आणि इकडे आम्ही एकमेकांना वाजवून दाखवतो.

भोंगा बंद करता येतो का असं पुढे तुमच्या मनात येईलच. येतो, गाव अर्ज करून क्वाएट झोन, म्हणजे नेहमीचा भोंगा न वाजवायचा पट्टा, करून घेऊ शकतं, पण फुकट नाही, फाटकाला चारही बाजूंनी दांडे, मध्ये दुभाजक असली कामं करावी लागतात, म्हणजे कोणी बंद दांड्याला वळसा घालून घुसू नये. आणि तिथेही रुळावर कोणी दिसलं तर इंजिनियर वाजवणारच. यामागे फ्लोरिडाचा अनुभव आहे. १९८४ पासून तिकडे एका लाईनवर बऱ्याच गावांनी रात्रीचा भोंगा बंद करवला, आणि त्या फाटकांवरचे रात्रीचे अपघात जवळपास तिप्पट झाले, शेवटी १९९१ मध्ये सरकारने तातडीचा आदेश काढून भोंगा परत आणला. त्यामुळे रात्री तीन वाजता जाग आली की शिव्या द्या, माझी हरकत नाही, पण त्या केबिनमधल्या माणसाला देऊ नका, त्याने नाही वाजवला तर त्याची नोकरी जाते. इंजिनात रेकॉर्डर असतो, वेग, ब्रेक, भोंगा सगळं त्यात उतरतं, अपघात झाला की सगळ्यात आधी तेच बघतात.

आता मनाचा भोंगा.

ट्रकवाले आणि रेल्वेवाले एकमेकांना वाजवतात याचं मुख्य कारण माझ्या मते रस्त्याची रचना आहे. इथे जुने हायवे लाईनला चिकटून गेलेत, तुमच्याकडचा यूएस-३० बघा, युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीच्या लाईनला मैलोन्मैल सोबत करतो, गिबन ते नॉर्थ प्लेट तर तीन-तीन ट्रॅक आहेत. टेक्सासात अमारिलोहून हियरफोर्ड, फ्रायोना, बोविना करत क्लोव्हिसला जाणारा यूएस-६० तसाच, शेजारी बीएनएसएफ या दुसऱ्या रेल्वे कंपनीची मोठी लाईन, अधेमधे गुरांच्या फीडलॉटचा वास. मी ६५ ने चाललोय, तोही ६०-६५ ने चाललाय, म्हणजे पाच-दहा मिनिटं आम्ही शेजारी-शेजारी असतो, रात्रीचे दोन वाजलेत, आजूबाजूला चिटपाखरू नाही. अशा वेळी समोरच्याला हात न करणं हेच विचित्र वाटतं, गावाकडे शिवारात समोरून आलेल्याला राम राम केल्याशिवाय आपण पुढे जातो का.

आणि दुसरं म्हणजे बोलायचं दुसरं साधनच नाही. लोकांना वाटतं आम्ही सीबीवर, म्हणजे ट्रकमधल्या रेडिओवर, गप्पा मारतो. ट्रकवाले सीबीच्या १९ नंबर चॅनेलवर, रेल्वेचा रेडिओ १६० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, दोघांची गाठच पडत नाही, आणि त्यांच्या रेडिओवर गाड्यांचं नियंत्रण करणारा डिस्पॅचर ऐकत असतो, तिथे "काय मंडळी" करता येत नाही. फोन तर दोघांनाही बंद. २००८ साली कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थला प्रवासी गाडीच्या इंजिनियरचं लक्ष मोबाईलवरच्या मेसेजमध्ये होतं, समोरून मालगाडी, २५ माणसं गेली, त्यानंतर केबिनमध्ये स्वतःचा फोन म्हणजे गुन्हाच. आम्हालाही २०१२ पासून हातात फोन धरायची बंदी आहे. उरलं काय, दिवे, हात आणि हॉर्न.

आता हे प्रत्यक्षात कसं होतं ते सांगतो, कारण तुमच्या मुलाला याचा उपयोग आहे. इथे ट्रकचं स्टिअरिंग डावीकडे आणि रेल्वे इंजिनात इंजिनियर बसतो उजवीकडे, त्याच्या डावीकडे कंडक्टर, म्हणजे गाडीवरचा त्याचा सोबती. गाडी आणि मी एकाच दिशेला चाललोय आणि लाईन माझ्या डाव्या हाताला आहे, तर माझी खिडकी आणि त्याची खिडकी समोरासमोर येते. हा सगळ्यात चांगला योग. मी मूठ वर करून खाली ओढतो, दोरी ओढल्यासारखी, माझ्या ट्रकमध्ये हॉर्नची दोरी अजून खरोखरच डोक्यावर लटकते, नव्या काही ट्रकमध्ये बटण आलंय. तो बघतो, कधी नुसता हात वर करतो, कधी दोन छोटे देतो. तेच वर सांगितलेलं, "कळलं". मी दोन छोटे परत देतो. संपलं. कोणी याच्यापुढे जात नाही. लाईन उजव्या हाताला असेल तर त्याच्या डाव्या खिडकीत कंडक्टर असतो, तो बिचारा हात हलवतो पण भोंगा इंजिनियरच्या डेस्कवर, मग त्याने सांगितलं आणि याने मनावर घेतलं तर वाजतो. भारतात याच्या बरोब्बर उलटं, ट्रकवाला उजवीकडे आणि लोको पायलट डावीकडे बसतो, म्हणजे योग तिथेही जुळतो, लाईन उजव्या हाताला हवी एवढंच.

रात्री मी हॉर्न वापरतच नाही. ट्रेलरचे बाजूचे पिवळे दिवे दोनदा मिचकावतो, जसं एखादा ट्रक ओव्हरटेक करून गेला की आपण त्याला "ये आत, जागा आहे" म्हणून दाखवतो तसंच. काही जण हेडलाईट क्षणभर मंद करून उत्तर देतात. काही देत नाहीत, आणि त्यात रुसण्यासारखं काही नाही, त्यावेळी तो सिग्नल वाचत असेल, रेडिओवर असेल, किंवा बारा तासांची ड्यूटी संपत आली असेल आणि त्याला फक्त घरी जायचं असेल.

हे कुठे करत नाही तेही सांगतो, हे जास्त महत्त्वाचं. फाटकाच्या जवळपास कधीच नाही. फाटकाजवळ ट्रकने हॉर्न दिला तर इंजिनियरला वाटणार की काहीतरी अडकलंय, आणि त्याने उगाच भोंगा दिला तर रस्त्यावरच्या माणसाचा गोंधळ होणार. जिथे लाईनवर नारिंगी जॅकेटवाले काम करतायत तिथे नाही. घोड्यांचं रान असेल तिथे नाही. गावात नाही. आणि बऱ्याच राज्यांत रस्त्यावरचा हॉर्न फक्त सुरक्षेसाठी गरज असेल तरच वाजवायचा असा कायदा आहे, कॅलिफोर्नियात तर स्पष्ट लिहिलंय, त्यामुळे पोलीस तिकीट देऊ शकतो, देतो असं फारसं नाही, पण देऊ शकतो. "हॉर्न ओके प्लीज"च्या देशातून आलेल्याला हे पचायला वेळ लागतो.

हा प्रकार कमी होत चाललाय हे खरं आहे. इंजिनात आता आतल्या बाजूला कॅमेरे असतात, आमच्याही केबिनमध्ये असतात, विनाकारण भोंगा का दिला असं कोणी विचारलं तर उत्तर काय देणार. माझ्या ओळखीचा एक इंजिनियर आहे, ट्रक स्टॉपवरच्या हॉटेलात जेवताना ओळख झाली, तो म्हणतो दोन छोटे द्यायला माझी कधी ना नाही, पण तुमच्या लोकांना एवढं सांग की फाटकावरच्या पांढऱ्या पट्टीच्या पुढे सरकून उभे राहू नका. त्याचं म्हणणं असं की लांबून ट्रकचं नाक हलताना दिसलं की त्याच्या पोटात गोळा येतो, तो हलतोय की थांबतोय हे त्याला कळत नाही, आणि कळलं तरी करण्यासारखं काही नसतं. माझा ट्रक भरलेला असताना ८०,००० पौंड, म्हणजे साधारण ३६ टन, हायवेच्या वेगाने मला थांबायला अमेरिकन फुटबॉलची जवळपास दोन मैदानं लागतात. त्याच्या मालगाडीला ५५ च्या वेगात मैलभर किंवा जास्त. म्हणजे तो तुम्हाला बघेपर्यंत निर्णय झालेला असतो.

म्हणून ट्रकवाल्यांवर फाटकाचे नियम कडक आहेत, आणि असावेत. घातक माल असेल तर १५ ते ५० फुटांच्या दरम्यान पूर्ण थांबायचं. पलीकडे अख्खा ट्रेलर मावेल एवढी जागा दिसल्याशिवाय रुळावर चढायचंच नाही. रूळ ओलांडताना गिअर बदलायचा नाही. यातला थांबायचा किंवा जागेचा नियम मोडला तर पहिल्या वेळी लायसन्स किमान ६० दिवस जातं, म्हणजे दोन महिन्यांची कमाई. उंचवट्याच्या फाटकावर खाली झुकलेला लो-बेड ट्रेलर मधोमध टेकतो, त्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील.

यात एक गोष्ट तुमच्यासारख्या कारवाल्यालाही उपयोगी आहे. प्रत्येक फाटकावर एक छोटी निळी पाटी असते, त्यावर फोन नंबर आणि त्या फाटकाचा नंबर, सहा आकडे आणि एक अक्षर. गाडी रुळावर बंद पडली तर आधी सगळ्यांना बाहेर काढायचं, रेल्वे येत असेल तर ती ज्या बाजूने येतेय त्याच बाजूकडे, पण रुळापासून तिरकं लांब पळायचं, कारण धडक झाली की पत्रा पुढच्या दिशेला उडतो, आणि मग त्या नंबरवर फोन. मी तो एकदा वेगळ्याच कारणासाठी वापरला. रात्री शेजारून जाणाऱ्या मालगाडीच्या एका डब्याखाली ब्रेक चिकटलेला, चाकाच्या कडेने ठिणग्यांची सलग रेघ, चाक लालसर. इंजिन तिथून मैलभर पुढे, त्याला मागचं दिसणं शक्य नाही, मी हॉर्न देऊन काही कळणार नाही. पुढच्या फाटकाशी बाजूला घेतलं, निळ्या पाटीवरचा नंबर लावला, गाडी कुठल्या दिशेने चाललीये आणि साधारण मागून कितव्या भागात डबा आहे ते सांगितलं. बाईंनी दोनच प्रश्न विचारले आणि फोन ठेवला. काही मिनिटांत डब्यांचे धक्के एकामागून एक वाजत गाडी मंदावली. मग कंडक्टरला दिवा घेऊन खडीवरून अर्धा-पाऊण मैल चालत मागे यावं लागतं, थंडीत ते काम फार वाईट. मला डिलिव्हरीची वेळ गाठायची होती, मी निघालो.

आता तुमचा मुलगा. वाजवतील का, तर हमखास असं नाही, पण ट्रकवाल्यांपेक्षा पोरांना उत्तर मिळायची शक्यता जास्त, हे मी अनेकदा पाहिलंय, रेल्वेवाल्यांचं पोरांवर मन असतं आणि पोराला दिलेल्या दोन छोट्यांबद्दल कोणी साहेब फार ताणत नाही. हात मात्र त्यालाच करू दे, तुम्ही स्टिअरिंग सोडू नका. दिवसा जा, काच खाली, मूठ डोक्याच्या वर जाऊन खाली आली पाहिजे, नुसता हात हलवला तर ते हात हलवूनच उत्तर देतात. इंजिनच्या थोडं पुढे राहून करायला सांगा, बरोबरीला आलात की त्याला खाली वाकून बघावं लागतं. ट्रकवाल्यांवरही प्रॅक्टिस करू द्या, ट्रकच्या पुढे घुसून मात्र नाही, शेजारच्या लेनमधून.

पायी फाटकावर उभं राहून करत असाल तर तिथला भोंगा तसाही वाजणारच आहे, पोराला वाटेल आपल्यासाठी वाजला, वाटू दे. फक्त गाडीचा शेवटचा डबा गेला की लगेच पुढे सरकू नका, तुमच्याकडे तीन ट्रॅक आहेत, पहिल्या गाडीच्या आडून दुसरी येते आणि पहिलीच्या आवाजात तिचा भोंगा ऐकू येत नाही. दांडे पूर्ण वर जाऊ द्या.

आणि यासाठी आय-८० हा मोठा हायवे घेऊ नका, तो बऱ्याच ठिकाणी लाईनपासून लांब आहे. कर्नीहून लेक्सिंग्टन, कोझॅड, गोथेनबर्ग करत नॉर्थ प्लेटपर्यंत यूएस-३० धरा, आणि लाईन डाव्या हाताला येईल तो तुकडा आला की मुलाला सांगा.